काका नदीवर कशासाठी आले होते

आमच्या मंडळीच्या वर्धापनदिनाला उपदेशात एक गोष्ट ठरलेली असते. पाळक बदलले, चर्चची इमारत बदलली, गोष्ट तीच राहिली. ती अशी: पिंपरीत कारखाने नुकते उभे राहत होते त्या काळी, बाप्तिस्म्यावरून मंडळीत दोन तट पडले. एक तट म्हणे, बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतः विश्वास ठेवल्यावर, पाण्यात पूर्ण बुडवूनच घ्यायचा. दुसरा म्हणे, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर शिंपडलेले पाणीही तितकेच खरे. दुसऱ्या तटाचे पुढारी मोठे हट्टी. पवनेवर बाप्तिस्मे चालू असताना ते आपली माणसे घेऊन अडवायला आले. तेव्हा पहिल्या तटाचा एक तरुण पाण्यातच त्यांच्या पाया पडला. म्हातारा विरघळला आणि मंडळी एक राहिली. गोष्ट इथे आली की पाळक माझ्याकडे हात करतात आणि पुढच्या बाकांवरची माणसे वळून बघतात. तो तरुण मी.

गेल्या खेपेस माझ्या खांद्यावर शाल घातली. उपासना संपल्यावर एक बाई माझ्यापाशी आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, चाकणकडच्या एका कंपनीच्या दवाखान्यात नर्स, राहायला कुरुळीला. आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदाच आल्या होत्या. आमच्या रीतीप्रमाणे सलाम करून म्हणाल्या, "त्या हट्टी म्हाताऱ्यांची मी नात."

मी खांद्यावरची शाल काढून हातात घेतली.

"आजोबा खरंच असे होते का? घरात तर त्यांच्याबद्दल असं कधी कोणी बोललं नाही."

सावकाश बोलू, असे काहीतरी पुटपुटून मी बाहेर पडलो. शाल घडी करून कपाटात ठेवली ती पुन्हा काढली नाही. तो प्रश्न मात्र घडी घालून ठेवता येईना. म्हणून हे लिहायला बसलो.

त्या काळी आम्ही सगळेच बाहेरून आलेले. कोणी नगरकडचे, कोणी जालन्याकडचे, एखाददुसरे घर कोकणातले. प्रत्येकाचे मिशन निराळे, रीत निराळी. गावी असतो तर एकमेकांच्या चर्चची पायरी चढलो नसतो. पण इथे चर्चच नव्हते. पुण्याला जावे तर पॅसेंजर चुकली की उपासनाही चुकली. म्हणून रविवारी सगळे काकांच्या घरी जमत. काका म्हणजे त्या गोष्टीतले हट्टी म्हातारे.

काका कारखान्यात सुतार होते. माल पाठवायची लाकडी खोकी जिथे तयार होत त्या खात्यात. साठीच्या आसपासचे, उंच, थोडे वाकलेले, मिशीत कायम भुसा. मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ म्हणून लोकांनी त्यांना निवडले होते. खरे तर घर त्यांचे होते आणि सतरंजीही त्यांची, म्हणून निवडले होते. ते स्वतःच तसे सांगून हसत. चिंचवडच्या बाजूला दोन खोल्यांचे कौलारू घर. मुलगा लष्करात, लांब कुठेतरी. मागे काका आणि काकी दोघेच, आणि जेवायला मी.

मी विशीतला. काकांसारखाच नगरकडचा, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेला. काकांनी शब्द टाकला म्हणून कारखान्यात हेल्पर लागलो, पुढे लेथ मशीन चालवू लागलो. खोली दुसरीकडे होती, ताट मात्र काकींकडे. पैशाचे एकदा विचारले तेव्हा काकी म्हणाल्या, "आधी पोट भर, मग हिशेब कर." तो हिशेब नंतर कोणी काढला नाही.

महिन्यातून एकदा पुण्याहून पाळक येत आणि प्रभुभोजन होई, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांनी एकाच भाकरीचा आणि द्राक्षरसाचा वाटा घ्यायचा. काकी पहाटे उठून गव्हाची जाडसर पोळी करत. रात्री भिजवलेल्या मनुका कुस्करून, गाळून रस काढत. पेला एकच, पितळेचा, आतून कल्हई केलेला. पाळकांनी आशीर्वाद मागितला की तो पेला हातोहात फिरे. शेजाऱ्याच्या हातून घ्यायचा, एक घोट प्यायचा, पुढच्याच्या हातात द्यायचा.

हे हातात देणे आमच्यासाठी साधे नव्हते. आमच्यातल्या बहुतेकांच्या आजोबांना गावात कोणी पाणी हातात दिले नव्हते. त्यांनी खाली बसून ओंजळ धरायची आणि देणाऱ्याने वरून ओतायचे. नाहीतर भांडे जमिनीवर ठेवायचे, देणारा बाजूला झाला की मग उचलायचे. ख्रिस्ती झाल्यावर आमच्या माणसांना पहिले काय मिळाले असेल तर हे, की कोणीतरी पेला हातात दिला. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या आजोबांकडून मी लहानपणीच ऐकले होते.

पंचावन्न-छप्पन्न साल असेल. चाकणच्या बाजूने सायकलवरून एक फिरते उपदेशक येऊ लागले. माणूस सज्जन, गळा गोड, बायबलचे शास्त्र तोंडपाठ. त्यांचे म्हणणे सरळ होते: आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. तान्ह्या बाळाला कसला विश्वास? म्हणून ज्यांच्यावर लहानपणी पाणी शिंपडले त्यांचा बाप्तिस्मा झालाच नाही. मला ते पटले. आजही पटते. यात मी काही मागे घेत नाही. त्या हिवाळ्यात पवनेच्या गार पाण्यात मी बुडवून बाप्तिस्मा घेतला आणि बाहेर आलो तेव्हा दात वाजत होते, पण मन इतके हलके झाले होते की चिंचवडपर्यंत मी गाणी म्हणत आलो.

काकांनी घरी गरम चहा पाजला. रागावले नाहीत. "बरं केलंस," म्हणाले. "तुझ्या जिवाला बरं वाटलं न्हवं?"

इथेच थांबलो असतो तर ही गोष्ट झाली नसती. पण मला नुसते बरे वाटून पुरेना. दुसऱ्यांचे चुकले आहे हे त्यांनी कबूल करायला हवे होते. मी रोज जेवताना काकांशी वाद घालू लागलो. ते म्हणत, अख्ख्या घरादाराने बाप्तिस्मा घेतल्याचे दाखले शास्त्रात आहेत, त्या घरांत लेकरे नव्हती का? मी म्हणे, होती असे कुठे लिहिले आहे? ते म्हणत, नव्हती असे तरी कुठे लिहिले आहे? काकी आमटीची पळी हातात धरून उभ्या राहत. एकदा वाद फार रंगला तेव्हा त्यांनी मला विचारले, "आरं, भाकरी आमटीत बुडवून खातूस का आमटी शिपडू भाकरीवर? सांग बाबा, उगं पाप नगं लागाया."

काका खो खो हसले. मी हसलो नाही. मला वाटले, या लोकांना गांभीर्य नाही.

हळूहळू माझ्या बाजूला पाच-सहा जण आले, बहुतेक माझ्या वयाचे, एकटे राहणारे. तिकडे काकांच्या बाजूलाही कडक माणसे होतीच. त्यांचे म्हणणे, पहिला बाप्तिस्मा ज्यांनी लाथाडला त्यांना प्रभुभोजनाला बसूच देऊ नये. काका दोन्हीकडून ऐकत. रविवारी सतरंजीवर आपोआप दोन भाग पडू लागले, मध्ये एक पट्टी रिकामी.

मग ते प्रभुभोजन आले. मी काकांच्या शेजारी बसलो होतो, म्हणजे मुद्दाम बसलो होतो. पेला फिरत काकांकडे आला. ते प्याले आणि नेहमीसारखा त्यांनी तो माझ्यापुढे धरला. मी हात मांडीवरच ठेवला आणि म्हणालो, "खाली ठेवा. मी घेतो."

काकांना आधी समजलेच नाही. त्यांनी पेला तसाच धरून ठेवला. मग समजले. त्यांनी तो सतरंजीवर ठेवला आणि हात मागे घेतला. मी उचलला, प्यालो, पुढे दिला. स्वयंपाकाच्या दारात काकी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि आत गेल्या. त्या दिवशी मी जेवायला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तर ताट वाढलेले होते.

पाळक मात्र बोलले. जाताना त्यांनी सगळ्यांना अंगणात उभे केले आणि सांगितले की बाप्तिस्म्याबद्दल तुमच्यात एकमत होईल असे मला वाटत नाही. मोठमोठ्या मिशनांचे झाले नाही, तुमचे कुठून होणार? पण पेला खाली ठेवायला लावणे हा बाप्तिस्म्याचा प्रश्न नाही. "मी दोन भोजनं मांडणार नाही," ते म्हणाले. "आधी एका भोजनाला बसा, मग मला बोलवा." आणि ते स्टेशनाकडे चालू लागले.

त्यानंतर माणसे गळू लागली. दोन घरे पुन्हा पुण्याला जाऊ लागली. माझ्या बाजूच्यांनी पिंपरीतल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीजवळ एक खोली बघून ठेवली, वेगळी उपासना करायला. कारखान्यात एकमेकांना सलाम करणे बंद झाले. एवढीशी ती मंडळी, तिचे दोन तुकडे झाले असते तर दोन्ही विरून गेले असते, हे मला आज कळते.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत काका माझ्या खात्यात आले. कधी येत नसत. बाहेर लिंबाखाली बसलो. त्यांनी विचारले, "तुमच्या मनात काय हाय? काय केलं म्हंजी तुमी बसशाल एका पंगतीला?"

मी तयारच होतो. म्हणालो, "तुम्ही पाण्यात उतरा. तुम्ही उतरलात की बाकीचे आपोआप येतील."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यातली थोडी मला ठाऊक होती, सगळी नव्हती. मोठ्या दुष्काळात त्यांची आई त्यांना पोटाशी घेऊन मिशनच्या गावापर्यंत चालत आली. वडील वाटेतच गेले होते. तिथे तिने बाप्तिस्मा मागितला, स्वतःचा आणि लेकराचा. विहीर आटलेली. प्यायचे पाणी बैलगाडीतून यायचे आणि मोजून मिळायचे. पाळकाने तांब्यातले थोडे पाणी ओंजळीत घेऊन दोघांच्या डोक्यावर घातले, आणि भोवती उभी असलेली तहानलेली माणसे ते पाणी जमिनीवर पडताना बघत होती. पुढच्याच महिन्यात आई वारली. हे सगळे काकांना त्यांच्या आत्याने सांगितलेले.

"बुडवाया पानी कुठं व्हतं रं?" काका म्हणाले. "तिच्यापाशी द्यायला दुसरं काय न्हवतं. तेवढं एक दिलं तिनं मला. आता मी पान्यात उतरलो म्हंजी तिला सांगितल्यागत झालं, की तुझं ते काय खरं न्हवतं."

यावर मी जे बोललो ते इतकी वर्षे माझ्या कानात आहे. मी म्हणालो, "काका, लेकराला काय कळतं? आईनं केलं ते आईचं. तुमचं तुम्ही करा."

भोंगा झाला. काका उठले, धोतराला लागलेला पाला झटकला आणि कामावर गेले. संध्याकाळी जेवताना, मी शेवटचा भात कालवत असताना, ते म्हणाले की येत्या रविवारी उपदेशक नदीवर यायचे आहेत ना, त्यांना सांग आणखी एक जण आहे. नाव सांगू नको. ऐन वेळी धीर सुटला तर सगळ्यांपुढे शोभा नको.

मी काकींकडे बघितले. त्या चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"आणि तुमची आई?" मी विचारले. का विचारले कोण जाणे. जिंकल्यावर माणूस उदार होतो, तसे असेल.

काका म्हणाले, "आई घील समजून. आया घेत्यात. मंडळी तुटली तर ती काय समजून घ्यायची न्हाई."

तो रविवार उन्हाळ्याच्या तोंडावरचा होता. पवनेचे पाणी ओसरले होते, पण मधल्या धारेला कमरेइतके होते. त्या वर्षी बांधकामे जोरात, त्यामुळे नदीतली वाळू सगळीकडून उपसलेली. वरून पाणी सपाट दिसे आणि खाली मध्येच खड्डा लागे. आमच्या बाजूची माणसे आधीच काठावर जमली होती. दोन तरुणांचे बाप्तिस्मे झाले. उपदेशक तिथेच कमरेइतक्या पाण्यात तिसऱ्याची वाट बघत उभे राहिले.

एवढ्यात काका आले. पांढरे धोतर, पांढरा सदरा. मागे काकी, काखेत पिशवी. आणि त्यांच्या मागे त्यांच्या तटाची माणसे. काका नदीवर निघाले असे कळल्यावर ती आपणहून निघाली होती. त्यांना वाटले, आज काका हे सगळे बंद पाडणार. आमच्या माणसांनाही तेच वाटले. दोघे-तिघे पुढे सरसावले. एक जण ओरडला, "या, या, आता नदीपण तुमचीच का?" पलीकडून कोणीतरी त्याच्या बापाचा उद्धार केला. काकांनी चपला काढल्या, माझ्याकडे बघितले आणि पाण्यात पाय टाकला.

मी त्यांच्यासोबत उतरलो. त्यांचा तोल जाऊ नये म्हणून दंड धरायचा, असे आमचे ठरले होते. पाणी गुडघ्याच्या वर आले. ते हळू आवाजात काहीतरी म्हणत होते; प्रार्थना असेल असे मला वाटले. नीट ऐकले तर ते आईला हाक मारत होते. "आये," म्हणत होते, "आये, जरा थांब."

मी त्या वेळी त्यांना थांबवले नाही. हे मला स्पष्ट लिहायचे आहे. मी ऐकले, आणि दंड धरून पुढे चालत राहिलो.

मग माझा पाय वाळूच्या खड्ड्यात गेला. दंड सुटला. मी तोंडावर पडलो, नाकातोंडात पाणी गेले, हाताला जे लागेल ते धरले. हाताला काकांचे पाय लागले. मी दोन्ही हातांनी त्यांना मिठी मारली. काकांनी वाकून माझ्या काखेत हात घातला, मला वर ओढले आणि छातीशी धरले, कारण मी खोकत होतो आणि पुन्हा पडलो असतो. डोळ्यांतून पाणी वाहत होते, नाकातूनही.

काठावरून हे निराळे दिसले. आमच्यात कोणी कोणाच्या पाया पडत नसे. मिशनने ते पहिल्या पिढीतच बंद केले होते; लहान असो, मोठा असो, कपाळाशी हात नेऊन सलाम करायचा. वाकायचे ते एका देवापुढे. अशा माणसांनी बघितले की वाद पेटवणारा पोरगा भर नदीत म्हाताऱ्याच्या पायांवर पडला आणि म्हाताऱ्याने त्याला उचलून उराशी धरले. मग कोणीतरी बाई हुंदका देऊन रडली. मग एकाने गीत धरले, दुसऱ्या तटातून त्याला साथ आली. मघाशी शिव्या देणारे दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले. उपदेशक पाण्यातून आमच्याकडे आले. त्यांचेही डोळे भरले होते. त्यांनी आम्हा दोघांच्या खांद्यांवर हात ठेवला आणि म्हणाले, "चला, बाहेर चला. आज एवढं पुरे."

मी बोलायला तोंड उघडले. काकांनी माझा कान आपल्या तोंडाशी ओढला.

"गप ऱ्हा," ते म्हणाले. "रडू दे त्यांला."

काठावर काकींनी पिशवी उघडली. बुडून बाहेर आल्यावर काकांनी घालायचे म्हणून कोरडे कपडे आणले होते. काका बुडलेच नव्हते. तो इस्त्रीचा सदरा काकींनी मला घातला, बटणे लावली, आणि पदराने माझे डोके पुसले. हसत होत्या की रडत होत्या, मला आजही सांगता येणार नाही.

सोमवारी कारखान्यातून परतताना काका माझ्यासोबत चालत आले. रेल्वे फाटकापाशी थांबले आणि म्हणाले, "लोकांचं झालं. तुझ्या मनाचं काय? तुझा तर पाय सरकला व्हता, मला ठावं हाय. तुझ्या मनाला अजून टोचत आसंल तर आपुन दोघंच जाऊ. कुणाला सांगाया नगं. उपदेशकाला चाकणास्नं बोलावू. मी उतरतो."

मला वाटले होते की ते सुटले म्हणून आनंदात असतील. त्यांना सुटका नको होती; त्यांना मी हवा होतो. एका पोराच्या समाधानासाठी, कोणी बघत नसताना, ते आईने दिलेले ते एकुलते एक देणे पाण्यात सोडायला पुन्हा तयार होते.

मी "नको" म्हणालो. बाप्तिस्म्याबद्दलचे माझे मत बदलले म्हणून नाही. ते बदलले नाही. माझ्या मुलांवर मी लहानपणी पाणी शिंपडू दिले नाही, ती मोठी झाल्यावर स्वतःहून पाण्यात उतरली. पण त्या फाटकापाशी मला कळले की मी या माणसाकडून शास्त्रासाठी मागत नव्हतो, जिंकण्यासाठी मागत होतो. पुढच्या महिन्यात पाळक आले. मी काकांच्या शेजारी बसलो आणि दोन्ही हात पुढे केले. त्यांनी पेला दिला, आणि माझ्या हातात नीट बसेपर्यंत सोडला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे असेच चालत आले. ज्यांना बाळाचा बाप्तिस्मा करायचा ते करतात. ज्यांना थांबायचे ते बाळाला आशीर्वादासाठी पुढे आणतात आणि थांबतात. भोजनाला बसताना कोण कसा भिजला हे कोणी विचारत नाही. वाद होतात, आमच्या घरीच होतात. पण उठून कोणी जात नाही.

आणि मी गप्प राहिलो. त्या दिवशी काकांनी सांगितले म्हणून राहिलो, ते ठीक. पण काका निवृत्त होऊन गावी गेले, पुढे वारले, काकीही गेल्या, तरी मी गप्पच. लोक गोष्ट सांगत आणि ती दर वर्षी थोडी वाढे. आधी काका नुसते "आले". मग "रागाने आले". मग "अडवायला आले". जो माणूस आपले सगळे सोडायला आला होता तो गोष्टीत अडवणारा झाला, आणि ज्याने त्याला पाण्यात नेले तो नम्र ठरला. मंडळीने मला पुढे काकांच्याच जागी निवडले. मी एकदा तरी म्हणायला हवे होते की थांबा, हे असे नव्हते. पण ते गोड होते, आणि नंतर फार उशीर झाला असे वाटू लागले.

नर्सबाईंना मी घरी बोलावले आणि हे सगळे सांगितले. पाय घसरल्याचे सांगितले तेव्हा त्या आधी हसल्या, अगदी मनापासून. नंतर "आये, जरा थांब" पर्यंत आल्यावर त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाल्या, "हे चर्चमध्ये सांगाल?"

आताच्या पाळकांना विचारले. तरुण आहेत, भले आहेत. ते घाबरले. हल्लीच दोन कुटुंबांत याच विषयावरून कुरबुर चालू आहे. मंडळी त्या गोष्टीच्या आधाराने उभी आहे, ती खोटी निघाली तर लोक काय धरतील, असे त्यांना वाटले. मी म्हणालो, "मी पाया पडलो ते खोटं आहे. ते पाण्यात उतरायला आले होते ते खरं आहे. लोकांना ते धरू दे." त्यांनी एक रात्र मागितली आणि दुसऱ्या दिवशी हो म्हणाले.

रविवारी मी उभा राहिलो. नर्सबाई पुढे बसल्या होत्या. पेला खाली ठेवायला लावल्याचे सांगितले तेव्हा कोणी हलले नाही. खड्ड्यात पडल्याचे सांगितले तेव्हा लोक हसले; इतक्या वर्षांत त्या गोष्टीला कोणी हसले नव्हते. फाटकापाशी आलो तेव्हा मला पुढे सांगता येईना. पाळकांनी उरलेले वाक्य माझ्या वतीने पुरे केले.

बाहेर आल्यावर एक आजी काठी टेकत माझ्याजवळ आल्या. त्या वेळी त्या नवी नवरी होत्या, नदीच्या काठावर होत्या. त्या दिवशी काठावर असलेल्यांपैकी आता आम्ही दोघेच उरलो आहोत.

"तुमचा पाय सरकला ते मी बघितलं होतं की, भाऊ," त्या म्हणाल्या. "माझ्या जावेनंही बघितलं. वाळूचा खड्डा होता तो, आम्ही धुणं धुवायला जायचो तिथं. आम्हाला काय कळत नव्हतं?"

मी विचारले, मग इतकी वर्षे बोलल्या का नाहीत?

"कशाला बोलायचं? भांडण मिटत होतं. आम्हीच आधी रडायला सुरुवात केली." मग त्यांचा चेहरा बदलला. "पण काका कशाला आले होते ते ठाऊक नव्हतं हो. भांडायलाच आले, असंच वाटत आलं. मी माझ्या सुनांनाही तसंच सांगितलं. ते तुमच्याशिवाय कोण सांगणार होतं?"

माझ्या पडण्याचे एवढे ओझे मी वाहिले, आणि ते तर काठावरच्या बायांनी पहिल्याच दिवशी माफ करून टाकले होते. जे खरोखर माझ्या एकट्यापाशी होते ते मी कोणाला दिले नाही.

आजींनी नर्सबाईंचा हात धरला आणि चर्चच्या पायरीवर त्यांना आपल्याजवळ बसवले. "तू त्यांची नात व्हय? नाक त्यांचंच आहे," म्हणाल्या, आणि काका कसे चालत, काकी कशा हसत, पुढच्या खोलीत किती माणसे मावत, ते सांगू लागल्या. मध्ये कुठे त्या चुकल्या तर मी दुरुस्त करत होतो. दुपारची उन्हे पायरीवर आली तरी आम्ही तिघे तिथेच बसलो होतो.